परत

अभ्यासिकेच्या दारावर पाटी आहे :
'शांतता राखावी. हे पुन्हा सांगितले जाणार नाही.'
आत सत्तेचाळीस खुर्च्या.
एकोणतिसावी माझी, पंख्याच्या बरोबर खाली,
पानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेला डबा.

वर्गातही तसंच. सर एकदाच सांगतात,
साठ माना हलतात.
त्यात माझीही असते. तिला आता सवय झालीय
माझ्या आधी हलायची.

रात्री कोथरूडच्या खोलीवर तेच पान उघडते.
शब्द सगळे ओळखीचे, वाक्य परकं.
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि ती नसावी,
तसं पोटात होतं. दर परिच्छेदाला.
खोलीतली ऋजुता विचारते, झालं का गं?
झालंच, म्हणते.
पान पिवळ्या हायलायटरनं भरून गेलंय,
जखमेवर हळद दाबावी तसं.

हर्षल ढोबळेला दिसत नाही.
त्याला वाचून दाखवणारं माणूस हवं होतं,
मला त्या खुर्चीतून उठायला निमित्त.
रोज साडेपाचला, कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर.
पहिल्याच ओळीला तो म्हणाला, "परत."
वाचली. "परत."
पाचव्यांदा मला त्याचा राग आला,
सातव्यांदा माझी लाज वाटली.
त्याचा आवाज मात्र एकदाही खाली गेला नाही.
चहावाल्याला 'साखर कमी' सांगावी
तसा म्हणायचा, परत.

मग आकृती आली. म्हटलं, ही सोडूया.
"का? ती काय फक्त डोळेवाल्यांची आहे?"
मग पुठ्ठा, फेविकॉल, सुतळी.
उभं व्याज, आडवं उत्पन्न,
मधून घसरत जाणारी एक सुतळी.
त्याचं बोट तिच्यावरून उतरलं, तळाशी थांबलं.
"ही खाली का जाते?"
"उतार ऋण आहे म्हणून."
"ते बोटालाही कळलं. का जाते?"

कट्ट्यावरून एक डोंगळा बिस्किटाचा चुरा ओढत निघाला होता.
तो पार पलीकडे पोचेपर्यंत मी गप्प.
मग बारावीपासून गिळत आलेलं वाक्य बाहेर पडलं :
"मला माहीत नाही."

काही झालं नाही.
कर्वे रोडवर एका बसनं हॉर्न दिला.
हर्षलनं खिशातले शेंगदाणे काढले,
निम्मे माझ्या हातावर ठेवले.
"बरं. मग बघू."

बघता बघता अंबाजोगाईची मावशी आठवली.
पिको-फॉलचं दुसरं मशीन घेणार होती,
बँकेनं व्याज वाढवलं, तिनं लांबवलं.
मशीन नाही, म्हणून शेजारच्या रुक्सानाला काम नाही,
तिचा पगार नाही, म्हणून धाकट्याची सायकल नाही,
सायकलवाल्याच्या गल्ल्यात तेवढे कमी...
मी बोलत होते
आणि माझं बोट सुतळीवरून
खाली खाली चाललं होतं.

दुसरी सुतळी, वर जाणारी, अजून कळलेली नाही.
ती नसलेली पायरी अजूनही आहे.
फक्त आता पाय आधी चाचपतो.

काल वर्गात पान उलटलं जाताना
एकोणसाठ माना हलल्या.
"सर, परत?"
जरा चिरका निघाला आवाज, पण माझाच होता.
सर थांबले. खाली ठेवलेला खडू उचलला.
"कुठून?"

कुठून, तेही मला
नीटसं सांगता आलं नाही.