बिजागरी

ओव्हरकाम्प हे नाव तुम्हाला दारांवर सापडेल,
म्हणजे दारांच्या कडेला, बिजागरीच्या पितळेवर,
इतकं बारीक की रंगारी त्यावरून ब्रश फिरवून मोकळा होतो.
अर्ध्या वेस्टफालियाची दारं या नावावर उघडतात.
आणि मेख्टिल्ड, त्या नावाची एकुलती वारस,
पहाटे पाचला माझ्याआधी तबेल्यात,
केसांत गवत, हातात पाना,
घोडीच्या नालांत स्टड पिळत बसलेली.

मी बोग्ना. पोडलासीहून एका मोसमापुरती आले
आणि अकरा वर्षं आयाळ विणत राहिले.
घोडीचं नाव लेर्खे, त्यांच्या भाषेत चंडोल.
करडी. कान सतत कुणाशी तरी वाद घालणारे.
पाण्याची बादली उजवीकडेच हवी,
डावीकडे ठेवली तर तहानलेली राहील, पण पिणार नाही.
तिची किंमत मला माहीत होती, कारण ती गावाला माहीत होती:
त्याच वर्षी म्हाताऱ्याने मुलाम्याचा विभाग बंद केला,
एकेचाळीस माणसं घरी बसली.
कुंपणापाशी एकदा कुणीतरी ओरडलंच,
"आमच्या पगारावर बसून उडतेस, बाई!"
ती वळली नाही.

पुढे कधीतरी तिच्या वहीत,
अडथळ्यांच्या अंतरांचे हिशोब असतात त्या वहीत,
शेवटच्या पानावर मला एकेचाळीस नावं दिसली.
मी वही मिटली.
त्या नावांचं तिने काय केलं, ठाऊक नाही.
बहुधा काहीच नाही.

स्पर्धेआधी ती मैदान चालून बघते.
तिची चार पावलं म्हणजे घोडीची एक ढांग.
पाण्यापासून निळ्या दांड्यांपर्यंत सहा ढांगा,
की पाच, आणि वर थोडं धाडस?
ओठ हलतात, जपमाळ ओढल्यासारखे.
अडथळा एक मीटर साठ, म्हणजे माझ्या भुवईच्या वर,
आणि दांडा टेकलेला असतो बशीएवढ्या खोलगट आधारावर.
दांड्याला आडनाव वाचता येत नाही.
खुराचं टोक लागलं की तो पडतो,
पडताना जो आवाज होतो तो लाकडाचा असतो,
पण पोटात जाऊन बसतो.

आखेनला बरोबरी सोडवायची फेरी.
तीनच जणी उरलेल्या. घंटा झाली.
सुरुवातीच्या रेषेआधी तिने एक गोल घेतला, मोठा, सावकाश,
मग आणखी एक,
आणि लगाम सैल सोडला.
शिरस्त्राणाला बोटं लावून पंचांना सलाम केला
आणि चालत, अगदी चालत, बाहेर आली.
चाळीस हजार लोक. शिट्ट्या.
समालोचक म्हणाला, श्रीमंतांची लहर.

मी घोडीच्या डाव्या पुढच्या पायावर हात ठेवला.
गुडघ्याखाली, शिरेच्या मागे,
नुकत्या भाजलेल्या पावाची ऊब.
डॉक्टरने यंत्र लावून रात्री जे सांगितलं
ते हिला खोगिरातून कळलं होतं,
मला कळण्याआधी. मला.
मला राग आला होता, हे खोटं कशाला बोलू.
त्या बक्षिसातला माझा वाटा
आईच्या छपराला लागणार होता.

आम्ही आळीपाळीने बर्फ बदलला.
ती पेंढ्यात बसल्या बसल्या झोपली,
तोंड उघडं, रेशमी कोट घोडीच्या पाठीवर.

त्यानंतर दोन मोसम ती दुसऱ्या घोड्यांवर खेळली.
बरी खेळली. कधी सातवी, कधी अकरावी.
मग एका वसंतात नाव पाठवलंच नाही,
कुणाला काही सांगितलंही नाही.

आता लेर्खे मागच्या कुरणात असते, जाड झाली आहे,
सफरचंदांसाठी माझे खिसे फाडते.
काल तबेल्याचं दार कुरकुरलं.
मेख्टिल्ड तेलाची कुपी घेऊन आली,
वाकली, अंगठ्याने रंग खरवडून
बिजागरीवरचं नाव जरा वेळ बघत राहिली.
"आमचंच आहे," म्हणाली,
"तरी गंजतं."
आणि बादली उचलून
उजवीकडे ठेवली.