सी-सात

घणसोली, रात्रीचा दीड.
साइटवर आज पाचवा स्लॅब पडला.
(आमच्यात पडला म्हणजे भरला.)
झोप नाही, म्हणून पडद्यावर मी पुन्हा
सी-सात खोडते. कोपऱ्याचा खांब,
एका टिचकीसरशी नाहीसा,
आणि वरचे चौदा मजले
क्षणभर माझ्याकडेच बघत राहतात.

कांतिलालशेठ म्हणाले होते,
"मॅडम, उभा खांब काढायला येतंय कोण?"
पाण्याचा टँकर येईल, रिव्हर्समध्ये.
शटर रुंद हवं असलेला भाडेकरू येईल.
फरसाणवाल्याचा एखादा सिलिंडर.
शेठ हसले. मग विचारलं, सळई किती वाढेल?

नऊ टन.

मोडेल ते मोडू दे, पण तेवढंच.
एकाच्या मागे सगळ्यांनी जायचं नाही.

बीमच्या तळाची सळई खांबापाशी तोडू नका,
आरपार न्या, असं ड्रॉइंगवर तीनदा लिहिलं,
तरी भगीरथ फिटर विचारत राहिला, का.
मग त्याच्याच लेकीची झोळी दाखवली,
दोन खांबांना बांधलेली साडी:
"खाली टेकू आहे का? तरी निजलीय ना?"
त्याने आधी झोळीची गाठ ओढून पाहिली,
मग तार पिळायचा आकडा उचलला.

आता भार सी-आठकडे सरकतो,
स्लॅब वाकतो, वीतभर, दीड वीत,
आकडे लाल होतात.
थांबतो.

सी-सात परत जागेवर ठेवते.
खाली शेजारच्या सोसायटीत टँकर मागे घेताना
वॉचमन ओरडतोय:
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या