सहीशिवाय

पाटाच्या शेवाळावर घसरलो, मनगट सुजलं. एवढंच.
फोंड्याच्या एक्स-रेवाल्यानं फिल्म दोनदा काढली,
मग बसायला खुर्ची दिली.
"सोबत कोणी आलंय का?"

हाड मोडलं नव्हतं.
हाडात ठिपके होते, पांढरे, मसुराएवढे,
सांध्याशी दाटीनं,
गोठ्याच्या जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोकं
आणि वर दुपारचं ऊन, तसे.

अकरा दिवस तो शब्द मी घरात उच्चारला नाही.
सुपारी सोलणाऱ्या बायकांची मजुरी चुकती केली.
पासबुक कुठं असतं ते मीनाक्षीला
सहज दाखवल्यासारखं दाखवलं.
तिनं सहज बघितल्यासारखं बघितलं.

बांबोळीला डॉक्टर मिनेझिशबाईंनी
सगळं अंग मशीनखाली घातलं.
कुठंच काही पेटलं नाही.
"वाईट असतं तर पेटलं असतं," त्या म्हणाल्या,
आणि कागदावर नाव लिहून दिलं:
ऑस्टिओपॉइकिलोसिस.
जुन्या दस्तऐवजातल्या कुणा साक्षीदाराचं वाटावं असं.
औषध नाही, पथ्य नाही.
चिठ्ठी तेवढी पाकिटात ठेवायची,
नाहीतर उद्या दुसरा डॉक्टर नव्यानं घाबरेल.
पेनाला टोपण लावता लावता त्या म्हणाल्या,
"बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं हे.
प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.
मुलगा की मुलगी, बघत नाही.
भावंडं आहेत?"

निम्मी.
हा हिशोब मी शेवटचा ऐकला
तो कोर्टात, इन्व्हेंटरीच्या तारखेला.
एकशेचाळीस पोफळी, मिरवेल, एक बारमाही झर.
कुमुद समोरच्या बाकावर,
मी तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत.
सही कर म्हटलं होतं तिला,
वास्कोत राहतेस, तुला पोफळी कशाला?
तिनं केली नाही.
सहा वर्षं फोन नाही.

"कोण गेलं?" तिनं उचलल्या उचलल्या विचारलं.
कोणी नाही. तुझा हात हवाय.
एक्स-रेपुरता.

आईची फिल्म कोरी निघाली.
म्हणजे बाबा.
कंबरेला कोयती लावून
एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत
खाली न उतरता अर्धं कुळागर पार करणारे बाबा,
गुडघा दुखतो असं एकदाही न म्हणालेले.
तिसऱ्या दिवशी अस्थी मीच वेचल्या त्यांच्या,
दूध शिंपडून, मडक्यात, पटापट,
साडेदहाला वकिलाकडे पोचायचं होतं.
एक तुकडा जरी उजेडाकडे धरला असता.
भाजलेल्या हाडात काय दिसलं असतं, म्हणा.

कुमुदची फिल्म माझ्याशेजारी लावली.
तिला जास्त आहेत. टाचेतसुद्धा.
बराच वेळ बघत राहिली, मग हसली,
लहानपणी मला पाटात ढकलून हसायची तशी.
"बघ. हे बाबांनी
तुला न विचारता दिलं. सहीबिही काही नाही."

कॅन्टीनमध्ये चहा घेतला. पैसे तिनं दिले.
बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत म्हणाली,
"झरीला पाणी आहे अजून?"
आहे. मे महिन्यातही.
"हं."

पुढची तारीख नऊ जूनला.
फोंड्याच्या स्टँडवर थांब, ती म्हणाली,
आत एकत्र जाऊ.
बाकीचं तिनं काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.