मंगळवारचा गुरुवार

मंगळवारी संध्याकाळी ऑस्ला
गुरुवारची सकाळ बोलायला आली.
ओला रेनकोट दाराला अडकवला,
बूट उंबऱ्याशी, आणि तशीच मोज्यांनिशी आत.
आमचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची लोकरीची वखार.
भिंतींना अजून मेंढ्यांचा वास येतो,
दमट हवेत जरा जास्तच,
पण आवाज छान मुरतो.

"उद्याच्या बोटीनं ॲबर्डीन,
परवा गुडघा बदलणार. तेव्हा उरकून टाकू."
जणू मासे खारवून ठेवायचे होते.

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला.
"नमस्कार मंडळी, आज गुरुवार…"
आणि थबकलीच.
खिडकीबाहेर मंगळवार होता, धडधडीत.
अठरा वर्षं माईकसमोर बसलेली बाई
पहिल्यांदाच चोरी करताना सापडल्यासारखी
काचेतून माझ्याकडे बघत राहिली.

"हवामान?"
"ते नको," मी म्हटलं.
"शेटलंडात हवामान वगळून
बोलायचं तरी काय रे?"
मग तिनंच तोडगा काढला:
"वारा आहे. किती, ते दार उघडून बघा."

एर्टीची मेंढी हरवलेली,
डाव्या कानाला खाच, पाठीवर निळा रंग.
"सापडली असेल तर हे ऐकलं नाही असं समजा.
नसेल तर आपापल्या बांधापलीकडे
एकदा डोकावा."
जेमिमाबाईंना आज नव्वद पूर्ण.
अभिनंदन करून झालं,
मग माईकवर हात धरून, हळूच मला:
"होतील ना रे परवापर्यंत?"

नऊ वाजून दहा मिनिटांनी
गिर्झीचा फोन येतो. दर गुरुवारी.
तक्रार कसली ते ठरलेलं नसतं,
तक्रार असते एवढं ठरलेलं.
मंगळवारी फोन मुका.
तरी घड्याळाचा काटा तिथं आला
तशी ऑस्ला सवयीनं थांबली,
मान जराशी कलती, हात रिसीव्हरवर.
सात सेकंद.
पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट पडली
ओहोटीनंतरच्या वाळूसारखी.

रात्री मी ते सात सेकंद कापले.
परत जोडले.
परत कापायला घेतले, आणि चहा करायला उठलो.

बुधवारी वारं सुटलं.
बोट धक्क्यालाच बांधलेली राहिली.

गुरुवारी मी एकटाच वखारीत.
नऊला फाईल सोडली.
"या घटकेला मी पांढऱ्या चादरीवर आडवी आहे
आणि भूल देणारा डॉक्टर
मला उलटे आकडे मोजायला सांगतोय,"
ऑस्ला साऱ्या बेटाला सांगत होती,
आणि तीन मैलांवर, आपल्याच स्वयंपाकघरात,
ऑस्ला पाव भाजत होती.

नऊ दहा.
ते सात सेकंद आले.
तिसऱ्या सेकंदाला फोन वाजला.
मला वाटलं, गिर्झी.

"कोण रे ही बाई?
केवढ्या घाईत बोलते!
श्वास घे म्हणावं."

मागून तिच्या रेडिओवर तीच पुन्हा सुरू झाली,
लाइफबोटीसाठी केक विकायला.
दोघी एकदम बोलत होत्या,
एकही दुसरीसाठी थांबेना.

"ऐक, जेमिमा आहे ना?"
"आहे. सकाळीच केक पोचला."
"आणि मेंढी?"
"मेंढी नाही अजून."
ऑस्लानं जरा विचार केला.
"म्हणजे मी बोलले ते बरंचसं खरं निघालं.
फक्त माझंच तेवढं खोटं."
मग पाव करपल्याचं काहीतरी म्हणत
तिनं फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी, नऊ दहाला,
गिर्झीची तक्रार:
मागच्या खेपेला तुमचा फोन
लागत नव्हता.