डाव्या पायाच्या सपाता

काराकोल ते बिश्केक, चारशे किलोमीटर.
माझ्या गाडीत सोळा माणसं, आणि मागच्या सीटखाली
बुरुलायचं पुडकं.
पुडक्यात लोकरीची एकच सपात, उजव्या पायाची.
जोडी का नाही देत, मी विचारलं होतं.
नमुना आहे, एसेनबेक, ती म्हणाली,
जोडी दिली की माणूस आधी पाय घालतो
आणि मग विसरतो की ती विकायची होती.

अनुभवाचे बोल. पहिली जोडी
एका दुकानदाराच्या सासूनं झिजवली.

लोकर ती स्वयंपाकघरातच दाबते,
गरम पाणी, साबण, चटईची गुंडाळी,
आणि त्यावर कोपरांनी, पूर्ण वजन टाकून, दुपारभर.
शाळेतली नोकरी गेल्यापासून हेच.
मी नुसता ड्रायव्हर. पण पुडकं नेतो
म्हणजे उत्तरही मलाच आणावं लागतं.

त्यातून मला नकाराची पारख झाली.
घड्याळाकडे बघत दिलेला.
चहा पाजून दिलेला, हा जास्त लागतो.
"पुढच्या महिन्यात बघू" हा त्यांचा धाकटा भाऊ,
हसतमुख, आणि कधीच मोठा न होणारा.
एकानं तर सपात हुंगली, म्हणाला, मेंढी येते.

हे सांगावं की गिळावं,
असं करत मी बूमची घळ ओलांडली,
बालिक्चीला मासे घेतले, पुढे दोन तास
उजव्या हाताला तळं, आणि तेही काही सुचवेना.
शेवटी म्हणालो, मालक भेटले नाहीत.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
गणित चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं.
"नाही" आणलं असशील तर "नाही" दे.
रस्त्यात टाकून येऊ नकोस.
तेही माझंच आहे.

मग मी दिलं. मेंढीसकट.
पुढच्या खेपेला पुडक्याला व्हिनेगरचा वास होता,
त्याच्या पुढच्या खेपेला कसलाच नव्हता.

तिच्या खिडकीत डाव्या सपाता साठत गेल्या.
सात, नऊ, हिवाळा संपता संपता चौदा,
सगळ्या अडतीस नंबरच्या,
सगळ्यांची तोंडं दाराकडे.
शेजारीण म्हणाली, एवढे लंगडे पाहुणे कुठून आले गं?
बुरुलाय हसली नाही त्या दिवशी.
भट्टीत घालते म्हणाली सगळ्या.
घातल्या नाहीत. पण आठवडाभर
माझ्या सीटखाली काही नव्हतं,
आणि मला गाडी उगाच हलकी लागत होती.

मार्चमध्ये, बिश्केकच्या त्या हॉटेलात,
जिथल्या मॅनेजरनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या,
मी दुसरंच पार्सल द्यायला गेलो
तर काउंटरमागची झिनाइदा म्हणाली, थांबा,
तुम्हीच ना ते सपातवाले?

बर्फावर घसरून तिचा डावा पाय मोडला होता.
दोन महिने प्लास्टर. उजव्या बुटाची टाच उंच, तोल जाई.
खणात पडलेली ती एकटी सपात
तिनं घातली, कुणाला न विचारता.
रोज, दहा-दहा तास, गार फरशीवर.
मला उचलून दाखवली: तळ काळा पडलेला,
अंगठ्याशी थोडी पातळ, बाकी शाबूत.
काल प्लास्टर काढलं, ती म्हणाली.
आता दुसरी हवी.
आणि सांगा त्यांना, अंगठ्याशी अजून एक थर द्या.

बुरुलायनं खिडकीतली एक उचलली,
अंगठ्याशी थर चढवला,
आणि पावतीवर मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं:
अर्धी जोडी. रक्कम, पूर्ण जोडीची निम्मी.
मी म्हटलं, वापरलेल्या पायाचेही घे की.
नको, म्हणाली. त्या पायानं मला शिकवलंय.

चौदातून एक गेली, तेरा उरल्या.
याला कुणी धंदा म्हणणार नाही.
मीही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला
स्टँडवर ती उभी, हातात दोन पुडकी,
दोन्हींत उजवीच सपात, अंगठ्याशी जाड.
त्यातलं एक परत आलं, चहासकट.
तेही मी पोचतं केलं.