पोटातली रेघ

गणपती पेठेत, हळदीच्या वखारीला भिंत लावून
पायगोंडा आरवाड्यांचा छापखाना होता.
पौष सरलेला. माघातली लग्नं दारात ओळीनं उभी,
आणि केससमोर बाबालाल तांबोळी,
ज्यांनी ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’
उभ्या हयातीत इतक्यांदा जुळवलं होतं
की तेवढी ओळ ते सोडवतच नसत,
दोरीनं बांधून ठेवत, पुढच्या लग्नासाठी.

सदलगे मास्तर एक वहीचं पान घेऊन आले.
दिल्लीहून आलेल्या इंग्रजीचं त्यांनीच केलेलं मराठी.
‘आम्ही, भारताची प्रजा’ असं आधी लिहिलेलं,
मग ‘प्रजा’ खोडलेलं, इतकं रगडून
की टाकानं कागद फाटलेला.
फाटलेल्याच्या वर, बारीक अक्षरात: लोक.
संस्थान जाऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

बाबालालनी बांधलेली ओळ उचलली,
दोरी सोडली,
‘चे’ काढला, ‘म्ही’ बसवला.
श्रीकृपा सगळीच्या सगळी बाजूला ठेवली.

मालक ओलं प्रूफ उजेडाला धरून म्हणाले,
“वर श्री राहिला की हो, तांबोळी.”
“राहिला नाही,” मास्तर म्हणाले.
“दिल्लीत त्यावर मतं पडली.
सुरुवात देवाच्या नावानं करायची का,
तर नको म्हणणारे जास्त भरले.
त्यांत देवभोळेही होते.”
मालक गप्प. त्यांच्या यंत्रावर
श्री नसलेला एकच कागद निघायचा,
दहाव्याचा.
बाबालालनी श्रीचा खिळा, त्यांच्याच बोटांनी झिजलेला,
पदरानं पुसावा तसा सदऱ्याला पुसला
आणि त्याच्या कप्प्यात निजवला.

मी बारा वर्षांचा. रॉकेलनं खिळे धुवायचे,
ज्याचा त्याच्या कप्प्यात टाकायचा.
अक्षरं मला शाळेत नाही भेटली,
इथं भेटली, उलटी, शिशाची, गार.
खिळ्यांना कुणाचा विटाळ नव्हता.
माझा गडू मागच्या दारी वेगळ्या खुंटीला.

‘स्वतःप्रत अर्पण’पाशी मालक पुन्हा अडले.
“देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच?
मग आहेर कुणाचा, मास्तर?”
मास्तरांनी चष्मा काढला, पुसला,
घातला, पुन्हा काढला.
उत्तर काही आलं नाही.

ट्रेडल सुरू झालं. पन्नासाव्या कागदावर
मास्तर ओरडले, “वंधुता!”
कुठल्याशा वधूचा व
मीच ब च्या कप्प्यात टाकला होता.

मारलं नाही कुणी. मालकांनी टाक दिला,
बाबालालनी हात धरून दाखवलं:
व च्या पोटात एक तिरकी रेघ.
बस्स. झाला ब.
मग मी, ज्याला हजेरीपटावर नाव नव्हतं,
रेघ मारत बसलो. रेघ. पुढचा कागद. रेघ.
वखारीतली हळद उडून बोटांवर बसलेली,
तिचा पिवळा ठसा कोपऱ्याकोपऱ्याला उमटत गेला,
पत्रिकेला मुद्दाम लावतात तसा.

रात्री ते सगळे खिळे मीच धुतले,
न्यायाचे, दर्जाचे, संधीचे.
मागच्या दारी गेलो, पाणी प्यालो.
गडू त्याच खुंटीला होता.

आता डोळे गेले. नातू मोबाइलवर वाचून दाखवतो,
मध्ये दोन शब्द वाढलेत म्हणतो.
मी त्याला त्या एका शब्दापाशी थांबवतो,
आणि तो कंटाळून विचारतो, आजोबा, आता काय?

पन्नास होते की एकावन्न?
दिवा मिणमिणता होता, पोटात काही नव्हतं,
शेवटी शेवटी झोप येत होती.
एखादा सुटला असेल माझ्या हातून.
सांगलीवाडीत नाहीतर तासगावात, कुणाच्या ट्रंकेत,
चार घड्या घातलेला, कोपऱ्याला हळद,
आणि व अजून रिकाम्या पोटी.