एकवीस वॅट

मदरबोर्ड एक वीतही भरत नाही.
डेन्मार्कहून बोटीने आला, सहाव्या दिवशी.
खोकं दाराशी टेकवत पोस्टमन हाइनी म्हणाला,
"रानव्हा, ह्यात काय? बूट?"
"घर," मी म्हणाले. "पाच बिऱ्हाडांचं."
तो हसला नाही. एलदुविकमध्ये
वारा सुटलेला असताना
हसायला कोणी तोंड उघडत नाही.

आधी पेटी ठेवली मांस वाळवायच्या खोपटात.
फळ्याफळ्यांत बोटभर फट, आरपार वारा,
वर मेंढीच्या तंगड्या, ऑक्टोबरपासून टांगलेल्या.
म्हटलं, फेरो बेटांवर राहून
पंखा विकत घेणारी मीच पहिली मूर्ख ठरेन.

तिसऱ्या आठवड्यात ती मेली.
उघडली तर मेमरीच्या पट्टीखाली, खाचेत,
हिरवा गंज.
समुद्राने तिलाही मीठ लावलं होतं,
मांसाला लावतो तसंच,
मध्ये फरक न करता.

दुसरी बांधली जिन्याखाली, सुट्टीच्या दिवशी, पालथी पडून.
प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट,
दोन पट्ट्या, बत्तीस-बत्तीसच्या, कुणीतरी वापरलेल्या,
आणि पंखा. हो, विकतचा.
शेवटचा स्क्रू निसटून गेला
तो थेट आईच्या लोकरीच्या टोपलीत.
तिनेच सुईने टोकरून काढला.
"हे तुझं. माझ्यात खपत नाही."

आता आत बिऱ्हाडं नांदतात.
एकात फोटो, एकात बोटींसाठी हवामान,
एक नुसतं उंबऱ्यावर बसून जाहिराती परतवतं,
आणि एक मी मोडायलाच ठेवलंय:
रात्री हवं ते करून बघते, विस्कटलं तर
सकाळी कालच्या घडीवर आणून ठेवते.
प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच.
भिंतीपलीकडे खोकणारं कोणी आहे
ह्याची कुणाला खबर नाही.
एकच भाकरी, पण ज्याच्या त्याच्या ताटात पूर्ण दिसते.
थोडं खोटं बोलावं लागतं त्यांच्याशी.
घरमालकिणीला तेवढं चालतं.

पाचवं बिऱ्हाड आईचं.
तिच्या विणकामाच्या यंत्राला लागणारा प्रोग्राम
एकाच जुन्या संगणकावर चालायचा,
आणि तो ईस्टरच्या आदल्या दिवशी
थोडा धूर सोडून गेला.
त्याच्या डिस्कमधून सगळं उपसून काढलं,
होडीतलं पाणी काढतात तसं, डब्याडब्याने:
एकशे बारा नक्ष्या, दोन नावं नसलेल्या.
प्रोग्रामचा परवाना नव्याण्णवच्या डिसेंबरात संपतो.
म्हणून आतलं घड्याळ मी मार्चमध्ये ठेवलंय,
ते पुढे सरकतं, मी महिन्याअखेर मागे ओढते.

आई खुर्ची सरकवून जवळ आली.
"म्हणजे आत अजून नव्याण्णव साल आहे?"
"हो. सोळा मार्च."
पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या तारखेकडे
ती चष्मा काढून बघत राहिली, मग लावून.
त्या मार्चमध्ये 'तेर्ना' धक्क्यावर उलटी होती,
बाबा तिच्या पोटाला निळा रंग देत होते
आणि जास्त झालेला रंग
आमच्या फाटकाला.
"मग त्याला काही सांगू नकोस," आई म्हणाली.
"विणू दे नुसतं."

मीटर लावून पाहिलं: एकवीस वॅट.
पाच घरांना मिळून.
मांजराने पेटीचा माथा ताब्यात घेतलाय,
म्हणून वरच्या जाळीला आईचा जुना मोजा ताणून बसवला,
केस आत जाऊ नयेत.

वर यंत्राचा दांडा जातो, येतो, खर्र, खर्र,
मग थांबतो.
डाव्या बाहीत एक ओळ चुकली.
मी जिन्याखालून ओरडते, "मागे नेऊ का?"
ती उत्तर देत नाही.
लोकर उसवल्याचा आवाज येतो,
एकेक टाका,
हाताने.